तक्रार आढळली नाही

ग्रंथपालांनी ती मोटारसायकल घेतली ती केवळ आवाज करत नाही म्हणून. मायलेज, रंग, हप्ता असल्या क्षुद्र गोष्टींत ते पडले नाहीत. शोरूममध्ये त्यांनी विक्रेत्याला गाडी सुरू करायला लावली, डोळे मिटले, कान पुढे केला आणि जरा वेळाने विचारलं, "सुरू झाली का?" विक्रेता म्हणाला, "सुरूच आहे सर." तिथेच सौदा ठरला. ज्या माणसाची उभी हयात ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करण्यात गेली, वाचनालयात कोणी पान जरा जोरात उलटलं तरी ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याने गाडीत दुसरं काय पाहायचं?

पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी विक्रेत्याला सांगितलं नव्हतं. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेल्यापासून घरात दोनच माणसं उरली होती आणि ती दोघं दोन वेगवेगळ्या बसने दोन वेगवेगळ्या दिशांना जात. ग्रंथपालांच्या मनात एक चित्र होतं. सकाळची वेळ, गाडी अलगद चालली आहे, मागे बायको बसली आहे आणि तिचा हात आपल्या खांद्यावर आहे. एवढंच चित्र. पन्नाशीच्या माणसाने याहून जास्त काही मागू नये हे त्यांना कळत होतं, पण एवढं तरी मागावं असंही वाटत होतं.

बाईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी, पालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसत. तिथे वर्षानुवर्षं बसून त्यांचा एक ठाम विश्वास झाला होता की जे लिहून दिलेलं नाही ते घडलेलंच नाही. समोर मूल भोकाड पसरून रडत असलं तरी ते जन्मलं आहे हे लिहून द्यावं लागे. ही सवय घरातही होती. ग्रंथपाल म्हणाले, "संध्याकाळी भाजी आणतो," की आतून आवाज येई, "लिहून द्या." यात विनोद किती आणि कायदा किती, हे ग्रंथपालांना इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

गाडी घरी आली त्याच दिवशी बाईसाहेब मागे बसल्या. लहानपणी वडिलांच्या सायकलवर बसत तशाच बसल्या: दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून, मांडीवर पर्स आणि उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर. चित्र हुबेहूब जमलं. ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत टिकलं. तिथे गाडीखालून आवाज आला. टक्. टक्. टक्-कर्र.

"अहो, हा आवाज कसला?"

"कसला आवाज?" ग्रंथपालांनी विचारलं. त्यांना तो बाईसाहेबांच्या आधी ऐकू आला होता, पण नव्या गाडीबद्दल पहिल्याच दिवशी वाईट बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

बाईसाहेब खाली उतरल्या. ग्रंथपाल एकटेच थोडं पुढे जाऊन आले. आवाज नाही. बाईसाहेब पुन्हा बसल्या. टक्-कर्र. पुन्हा उतरल्या. चिडीचूप. हा प्रयोग औषधाच्या दुकानातली माणसं काउंटर सोडून बाहेर येईपर्यंत चालला.

"मी बसले की येतो," बाईसाहेब म्हणाल्या.

"योगायोग असेल," ग्रंथपाल म्हणाले. त्या दिवसाची ही त्यांची दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी ते शोरूममध्ये गेले. गाडी नवी कोरी, वॉरंटीचं पुस्तक तिच्याहून कोरं, त्यामुळे मनात कसलीही शंका नव्हती. सर्व्हिस मॅनेजर हे टाय लावलेले, चकचकीत बुटांचे गृहस्थ होते. अंगाने चांगले भरलेले. वर्कशॉपमध्ये फिरताना ते ऑइलचे डाग असे चुकवत की पाहणाऱ्याला वाटावं, यांनी नृत्याचं शिक्षण अर्धवट सोडलं असावं. त्यांनी स्वतः गाडीवर बसून आवारात एक फेरी मारली, उतरले आणि सर्व्हिस कार्डावर लिहिलं: तक्रार आढळली नाही.

"अहो, पण आवाज येतो," ग्रंथपाल म्हणाले.

"असेल सर. पण आमचा नियम आहे. आमच्या माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय वॉरंटीत काही करता येत नाही. तुम्ही सांगून उपयोग नाही, आम्हाला ऐकू यायला पाहिजे. साधारण कसा येतो?"

इथे ग्रंथपालांनी आवाज काढून दाखवला. आयुष्यभर कुजबुजण्याची सवय असलेला गळा, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला. मॅनेजर म्हणाले, "जरा मोठ्याने." मग तो जमला. रिसेप्शनवरच्या मुलीने आतून दोन माणसं बोलावली. "सर, परत एकदा." ग्रंथपालांनी परत केला. "तिसऱ्या गिअरमध्ये कसा?" ग्रंथपालांनी तिसऱ्या गिअरमधला केला. "आणि उतारावर?" तोपर्यंत नवी गाडी बघायला आलेलं एक कुटुंबही जवळ सरकलं होतं, आणि त्यातल्या आजी म्हणाल्या की आम्हाला हीच गाडी दाखवा. उतारावरचा आवाज काढताना ग्रंथपालांच्या लक्षात आलं की आपण हाताने क्लचही दाबतो आहोत. ते एकदम थांबले आणि रुमालाने चष्मा पुसू लागले. हा काळ त्यांच्या प्रतिष्ठेला फारसा अनुकूल नव्हता.

"हा आवाज नेमका कधी येतो?" मॅनेजरनी विचारलं.

"मिसेस मागे बसल्या की."

मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. डॉक्टर वाईट बातमी सांगण्यापूर्वी करतात तसा चेहरा केला आणि आवाज खाली आणला. "मग सर, गाडीचा प्रश्न नाही. मॅडमचा थोडा... लोड असेल."

समंजस माणसाने हे वाक्य तिथेच गिळून टाकलं असतं. ग्रंथपालांनी ते घरी नेलं. त्यांच्या बाजूने इतकंच म्हणता येईल की त्यांनी ते सौम्य करून सांगितलं. ते म्हणाले, "त्यांचं म्हणणं, तुझ्यामुळे असावं."

बाईसाहेबांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. आदळलं नाही. आदळलं असतं तर बरं झालं असतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आवाज माझा आहे की गाडीचा, ते त्यांच्याकडून लिहून आणा. शिक्का मारून. तोवर मी त्या गाडीवर बसणार नाही."

आणि खरोखरच बसल्या नाहीत. सकाळी ग्रंथपाल गाडी पुसत, हळूच सुरू करत आणि बसस्टॉपवर उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोसमोरून एकटेच जात. बाईसाहेब बस येते का ते पाहत असत. गाडी त्या वेळी इतकी शांत चालायची की ग्रंथपालांना रडू यायचं. एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, आणि मागची सीट रिकामी. खांद्याला तर एक दिवस उगाचच जाणवायला लागलं की त्यावर काही नाही.

शोरूमला मात्र ग्रंथपालांची फार काळजी होती. ग्रंथपाल अधूनमधून गाडी दाखवून येत, आणि तक्रारीचं कार्ड बंद झालं की तिथून फोन येई. तो नेमका वाचनालयात येई. "सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?" भोवती माना घालून वाचणारी माणसं. ग्रंथपाल टेबलाखाली वाकून कुजबुजत, "शून्य." पलीकडून मुलगी गोड आवाजात म्हणे, "नऊ का सर? धन्यवाद."

घराच्या आसपासही बातमी पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर पंपकाका राहत. त्यांची सारी नोकरी पंपाच्या कारखान्यात झाली होती, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांना मुळात पंपच वाटत. ते म्हणाले, "आवाज येतो कुठून ते सोडा. आवाज जातो कुठे ते बघा. आमच्याकडे एका पंपात..." समोरच्या घरातले विमावाले, अंगाने भारदस्त, म्हणाले, "वॉरंटी द्यायची नसतेच हो. मी याच धंद्यात आहे, मला माहीत आहे." पण प्रयोगासाठी मागे बसायला ते आनंदाने तयार झाले. दोन्हीकडे पाय टाकून ऐसपैस बसले. आवाज आला नाही. परत येईपर्यंत ग्रंथपाल मात्र अपघात विम्याच्या एका पॉलिसीला तोंडी हो म्हणून बसले होते.

मग पंपकाका बसले. त्यांना आवाज उगमापाशी ऐकायचा होता, म्हणून ते तोंड मागे करून, पाठ ग्रंथपालांच्या पाठीला लावून बसले आणि चाकाकडे वाकले. रस्त्यावरच्या लोकांनी हे दृश्य अतिशय शांतपणे पाहिलं. आवाज आला नाही, फक्त काकांचा चष्मा पडला आणि तो शोधायला सगळी गल्ली उलटीकडून चालावी लागली.

"माणूस बदलला की वजन बदलतं," चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत पंपकाका म्हणाले. "नेमकं तेवढंच वजन पाहिजे. वहिनींचं वजन किती?"

हा प्रश्न ग्रंथपालांनी लग्नापासून आजतागायत विचारला नव्हता, आणि विचारायला ही वेळ बरी नव्हती. पण वाचनालयातली कपाटं हलवून हलवून त्यांना एक कला अवगत झाली होती. कुठलंही वजन ते ग्रंथांत सांगू शकत. वाचनालयात एक मराठी बृहत्कोश होता, एकेक खंड उचलताना कंबर धरावी असा. बंद कपाटासमोर उभं राहून त्यांनी डोळे मिटले, आयुष्यात बायकोला उचलण्याचे जे काही प्रसंग आले होते ते आठवले (एकदा पाय मुरगळला होता, एकदा नाव कलंडली होती) आणि खंड काढायला सुरुवात केली. 'अ' पासून 'न' पर्यंत काढले. मन मानेना. 'प' काढला. सत्याची चाड होती, म्हणून 'म' काढला. शेवटी 'ह' पाशी थांबले. मग ते सगळे खंड स्वतःच्या नावावर रीतसर नोंदवून, मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधून शोरूमला निघाले.

आवाज आला नाही. सगळ्या रस्त्याने 'अ' ते 'ह' मुकाट बसून आले.

"सर, हे काय?" मॅनेजरनी विचारलं.

"माझी पत्नी," ग्रंथपाल म्हणाले, आणि घाईने पुढे म्हणाले, "वजनाने."

मॅनेजरनी खंडांभोवती एक चक्कर मारली, गाडीवर बसून आवारात एक फेरी मारली आणि गंभीरपणे कार्डावर लिहिलं: तक्रार आढळली नाही. मग नेहमीप्रमाणे गाडी धुवायला गेली. दोरी सोडायला हवी हे कोणाच्या लक्षात आलं नाही. धुणाऱ्याने गाडी धुतली आणि बरोबर मराठी भाषाही वरपासून खालपर्यंत धुऊन काढली.

संध्याकाळी बाईसाहेब घरी आल्या तेव्हा पंख्याखाली, खिडकीत, सोफ्यावर, कपड्यांच्या दोरीवर सगळी वर्णमाला वाळत पडली होती. ग्रंथपाल 'ल' च्या पानांमध्ये टिपकागद घालत होते. काही विचारायच्या आत फोन वाजला आणि तो बाईसाहेबांनी घेतला. पलीकडून गोड आवाज आला, "मॅडम, सर आहेत का? त्यांनी तुमच्या वजनाची पुस्तकं आणली होती, त्यासंबंधी सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

बाईसाहेबांनी फोन ठेवला. त्या सावकाश खोलीभर फिरल्या.

"मी कुठपर्यंत आहे?"

"काय?"

"कोणत्या अक्षरापर्यंत?"

"'प'," ग्रंथपाल म्हणाले.

"आणि पुढचे खंड काय हवा खायला नेले होते?"

ग्रंथपाल टिपकागद घालत राहिले. एवढं झाल्यावर आपण गाडी विकावी आणि पुन्हा बसने जावं, असं त्यांच्या मनात आलं. मग आणखी एक विचार आला, तो जास्त वाईट होता. बायकोला खरंच वाटत असेल का, की आवाज तिच्यामुळे येतो?

"अगं," ते म्हणाले, "मला नाही वाटत तो तुझा आवाज आहे म्हणून."

"मग 'ह' पर्यंत कशाला गेलात?"

"तोच तर पुरावा आहे. 'ह' पर्यंत जाऊनसुद्धा आला नाही."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "उद्या अर्धी रजा टाकते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर शहरात कोणी जन्मलं नाही की मेलं नाही, निदान कागदोपत्री. खिडकी बंद करून बाईसाहेब शोरूममध्ये आल्या. बसने आल्या, शब्दाला जागून. ग्रंथपाल गाडी घेऊन दारातच उभे होते. बाईसाहेबांनी खुर्ची ओढली आणि मॅनेजर समोर उभे राहिले. टेबल मॅनेजरचं, पण पाहणाऱ्याला वाटलं असतं की मॅनेजरच काही नोंदवायला आले आहेत.

"आवाज माझ्यामुळे येतो म्हणालात. तसं लिहून द्या."

"मॅडम, तसं लिहिता येत नाही."

"मग येत नाही असं लिहून द्या."

"आवाज ऐकल्याशिवाय तसंही लिहिता येत नाही."

"ऐका मग," असं म्हणून बाईसाहेब आवारात गेल्या आणि गाडीवर बसल्या. ग्रंथपालांच्या खांद्यावर इतक्या दिवसांनी हात पडला, पण तो सरकारी कामाचा होता. गाडी निघाली. टक्. टक्. टक्-कर्र. सगळ्या वर्कशॉपला ऐकू आला. ग्रंथपालांना तो आवाज ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी उगाचच दोन फेऱ्या जास्त मारल्या.

"आवाज आहे," मॅनेजर म्हणाले. "पण बघा ना, मॅडम बसल्यावरच आहे. म्हणजे लोड."

"तुमचं वजन माझ्यापेक्षा जास्त आहे," बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या. "बसा."

भोवती माणसं जमली होती. नाही म्हणायला जागा नव्हती. मॅनेजर दोन्हीकडे पाय टाकून, टाय सावरून बसले. गाडी आवारात फिरली. चिडीचूप. मॅनेजरच्या चेहऱ्यावर विजय पसरला. बाईसाहेब मात्र गाडीकडे पाहतच नव्हत्या. त्या मॅनेजरच्या बुटांकडे पाहत होत्या. एक बूट या बाजूला, एक त्या बाजूला.

"असे नाही," त्या म्हणाल्या. "मी बसते तसे बसा. दोन्ही पाय एकीकडे."

"मॅडम, त्याने काय होणार?"

"विमावाले पाय टाकून बसले, तुम्ही पाय टाकून बसलात, पुस्तकांना तर पायच नाहीत. माझ्यासारखं अजून कोणी बसलेलं नाही. बसा. आणि ही धरा." त्यांनी आपली पर्स मॅनेजरच्या मांडीवर ठेवली. "तपासणी करायची तर नीट करा."

मॅनेजर बसले. दोन्ही चकचकीत बूट डाव्या फूटरेस्टवर जुळवून, पर्स मांडीवर आवळून, चेहरा रस्त्याकडे.

"खांद्यावर हात ठेवा," ग्रंथपाल म्हणाले, "नाहीतर पडाल."

मॅनेजरनी हात ठेवला. गाडी निघाली आणि तिने तोंड उघडलं. टक्. टक्. टक्-कर्र, कर्र, कर्र. बाईसाहेब बसल्यावर येत होता त्यापेक्षा मोठा, खणखणीत. रिसेप्शनवरच्या मुलीने टाळ्या वाजवल्या आणि मग इकडेतिकडे पाहिलं. ग्रंथपालांनी ब्रेक लावायला हवा होता. पण आयुष्यभर दाबलेलं काहीतरी त्यांच्या आत सुटलं आणि ते सरळ फाटकाबाहेर पडले. पर्स घेऊन एका अंगाला बसलेल्या सर्व्हिस मॅनेजरना त्यांनी सबंध रस्ता दाखवला. सिग्नलला थांबले तेव्हा शेजारच्या बसमधल्या सगळ्या माना वळल्या. पलीकडच्या दुसऱ्या कंपनीच्या शोरूममधली माणसं पायरीवर येऊन उभी राहिली. "ऐकू येतंय ना?" ग्रंथपालांनी मोठ्याने विचारलं. इतक्या मोठ्याने ते गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

"येतंय," मागून क्षीण उत्तर आलं. "सर, आता वळा."

मग गाडी आडवी करून पाहिली. डाव्या फूटरेस्टचा एक बोल्ट कारखान्यातच बसवायचा राहून गेला होता. दोन्ही पायांचा भार त्या एकाच बाजूला आला की फूटरेस्ट वाकून चेनच्या कव्हरला टेके आणि चेन घासू लागे. बोल्ट बसवायला मॅनेजरना घाम पुसायला लागला तेवढाही वेळ लागला नाही. वॉरंटीत बसला, फुकट.

"झालं मॅडम," मॅनेजर म्हणाले.

"झालं कुठे? लिहून द्या."

बाईसाहेबांनी मजकूर सांगितला आणि मॅनेजरनी कार्डावर उतरवून घेतला: तक्रार आढळली. आवाज गाडीचा आहे. मागे बसणाऱ्या व्यक्तीशी त्याचा काहीही संबंध नाही. सही झाली. शिक्का झाला. शिक्का पुसट उठला म्हणून पुन्हा मारून घेतला. बाईसाहेबांनी शाईवर फुंकर घातली, कार्डाची घडी करून पर्समध्ये ठेवली, बाहेर आल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत गाडीवर बसल्या. पाय डावीकडे, हात खांद्यावर. हा हात सरकारी नव्हता. ग्रंथपालांना लगेच कळलं.

घराजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, थांबू नका. एक फेरी मारा." पंपकाका गॅलरीत होते. विमावाले दारात होते. औषधाच्या दुकानातली माणसं काउंटरवर होती. या सगळ्यांसमोरून ग्रंथपालांनी बायकोला घेऊन गाडी नेली, आणि आवाज न येणं सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून सावकाश नेली. पंपकाकांनी कानामागे हात धरला आणि निराशेने मान हलवली. "परत," बाईसाहेब म्हणाल्या. परत गेले. "अजून एक." अजून एक झाली. ग्रंथपालांना हसू आवरेना. मागून बाईसाहेबही हसत होत्या, ते त्यांना खांद्यावरून कळत होतं. अशी फेरीवर फेरी चालली असताना बरोबर औषधाच्या दुकानासमोर गाडी आणखी शांत झाली. इतकी शांत की थांबलीच.

ग्रंथपालांनी टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि झाकण लावलं. सकाळपासून पेट्रोल भरायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाईसाहेब खाली उतरल्या. पर्स खांद्याला लावली आणि दोन्ही हातांनी गाडीला मागून जोर लावला. दोघं मिळून, सगळ्यांच्या देखत, नवी कोरी गाडी ढकलत घराकडे निघाले.

"हा दोष कोणाचा?" बाईसाहेबांनी मागून विचारलं.

"माझा," ग्रंथपाल म्हणाले. ते अजून हसतच होते.

"लिहून द्या."